देवापुढे एक रात्र

मालन धुरींचा फोन सकाळी नऊला पहिल्यांदा वाजायचा, तेव्हा त्यांचे हात हटकून कणकेत असायचे. सोमवारी फोनवर कुणी राहुल असायचा. मंगळवारी पूजा. बुधवारी परत राहुल, पण आवाज वेगळा, जरा सर्दी झालेला. राहुल हिंदीतून बोलायचा, पूजा मराठीत सुरुवात करून दुसऱ्या वाक्याला हिंदीत शिरायची, आणि दोघांचं म्हणणं मात्र एकच. तुमच्या घराच्या कर्जाचे दोन हप्ते थकले आहेत, आजच्या आज भरा.

पहिल्या दिवशी मालनताईंना हसू आलं होतं. एकसष्ट वर्षांत त्यांनी कुणाचा रुपया थकवला नव्हता, ना दूधवाल्याचा, ना भिशीचा. जोगेश्वरी पूर्वेच्या त्या इमारतीत मेंटेनन्स पहिल्या आठवड्यात भरणारी मोजून चार घरं होती, त्यातलं तिसऱ्या मजल्यावरचं एक त्यांचं. आणि हप्ता म्हणाल, तर हप्त्याच्या तेवीस पावत्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ओळीने लावलेल्या होत्या. प्रत्येक पावतीवर कर्ज देणाऱ्या कंपनीच्या शाखेचा शिक्का, प्रत्येक शिक्क्यात पाच तारीख. रविवार आडवा आला असेल तिथे सहा. हप्त्याची तारीखही पाचच. मग थकलं काय, आणि कधी?

"मी दर महिन्याला भरते," त्या सांगायच्या. "माझ्याकडे पावत्या आहेत."

"मॅडम, सिस्टम में दो पेंडिंग दिखा रहा है."

"मग तुमच्या सिस्टमला म्हणावं, घरी ये आणि डबा बघून जा."

राहुलपुढे कागद असणार, त्यावर लिहिलेलं तेवढं बोलायची त्याला मुभा, आणि डब्याचं उत्तर त्या कागदावर नसणार. तो परत पहिल्यापासून सुरू करायचा. आपण रागावलो तरी समोरचा रागावत नाही, आणि आपण समजावून सांगितलं तरी त्याला समजत नाही, अशा माणसाशी भांडण्यात काही अर्थ नसतो. पण हे कळायला मालनताईंना तीन आठवडे लागले.

मधल्या काळात त्यांनी आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता की हे लोक भामटे आहेत. कुणालाही फोन लावा, आधी एक बाई सावध करते, ओटीपी सांगू नका, पैसे पाठवू नका. इमारतीतल्या दोन घरांना असा गंडा बसलेला होता, त्यातलं एक तर शिक्षकाचं घर. त्यात राहुलचा आकडाही रोज बदलायचा. काल बावीस हजार सहाशे, आज बावीस हजार सहाशे चाळीस. खरा माणूस एकच आकडा सांगेल, मालनताई म्हणायच्या, आणि नंबर ब्लॉक करायच्या. सिद्धेशने ब्लॉक करायला शिकवलं होतं. एक्केचाळीस नंबर ब्लॉक झाले, तेव्हा त्यांनी ही गोष्ट शेजारच्या वनमालाला अभिमानाने सांगितली.

सिद्धेश म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. सहारला, विमानतळाच्या कार्गोत कामाला. तिथे गेटवर मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, संध्याकाळी सुटल्यावरच हातात मिळतो. म्हणून कर्जाच्या अर्जावर त्याने संपर्काला आईचा नंबर दिला. अर्जावर सह्या चाळीसेक तरी होत्या. दोघांनी मिळून त्या केल्या, आणि कुठल्या कागदावर काय लिहिलंय हे दोघांपैकी एकानेही वाचलं नाही. वाचलं असतं तर ही गोष्टच घडली नसती, पण चाळीस सह्यांचे कागद वाचून घर घेणारा माणूस निदान जोगेश्वरीत तरी कुणी पाहिलेला नाही.

घर घेतलं तेव्हा मालनताईंचे यजमान, बाळा धुरी, जाऊन आठ महिने झाले होते. त्यांचा प्रॉव्हिडंट फंड सगळा या घरात गेला. तीस वर्षं एका औषध कंपनीत उभ्याने पॅकिंग केल्याचे ते पैसे. भाड्याच्या खोलीत जन्म काढलेल्या माणसाचं घर झालं आणि ते बघायला तोच नव्हता. मालनताई ही गोष्ट कुणापाशी बोलत नसत. नवीन घरात पहिलं वर्षभर त्या फारसं काहीच बोलत नसत.

अपवाद चार तारखेचा.

धुरींच्या घरात एक रीत होती. मालनताईंचे सासरे गिरणीत होते. पगाराचं पाकीट घरी आलं की ते थेट देवापुढे जायचं आणि रात्रभर तिथेच राहायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली की मग त्यातून वाणी, शाळा, गावची मनिऑर्डर. देवाने बघितल्याशिवाय पैसा फुटायचा नाही. सासरे गेले, गिरणी गेली, पण बाळा धुरींनी पाकीट सुरू ठेवलं. पगार बँकेत यायला लागला तेव्हा ते बँकेतून सगळा काढून आणायचे. त्यांच्यानंतर सिद्धेश आणू लागला. चार तारखेला सुटला की अंधेरीच्या एटीएममधून दोन वेळा कार्ड घालून चौतीस हजार काढायचा आणि पाकिटात घालून आईच्या हातात द्यायचा. मालनताई दिवा लावून ते लाल कापडावर ठेवायच्या, आणि मग, वर्षभर गप्प राहणारी ती बाई, देवाच्या शेजारी लावलेल्या यजमानांच्या फोटोशी बोलायला लागायची. या महिन्यात लाइट बिल जास्त आलंय. सिद्धेशला बढती आहे म्हणतात, बघू. हा बघा, तुमच्या घराचा हप्ता. पाच तारखेला सकाळी पूजा करून त्यातले सतरा हजार आठशे पन्नास मोजून घ्यायच्या आणि शेअर रिक्षाने अंधेरीच्या शाखेत जाऊन साडेअकराच्या आत भरून यायच्या.

अशी बाई हप्ते थकवते, असं राहुलचं म्हणणं होतं.

आता फोन वाढले. सकाळी नऊला, दुपारी जेवताना, संध्याकाळी सहाला. 'लीगल' हा शब्द आला. मग 'फील्ड टीम' आली. एकदा पूजा म्हणाली, "आंटी, घर आपका है ना? तो घर का सोचो." त्या दिवशी नंबर ब्लॉक करता करता मालनताई थांबल्या. भामट्यांना आपल्या कर्जाचा नंबर कसा ठाऊक? सिद्धेशचं पूर्ण नाव, फ्लॅटचा नंबर, हप्त्याची रक्कम, सगळं बरोबर कसं?

त्या दुपारी त्यांनी डबा उघडून पावत्या मोजल्या. तेवीस. परत मोजल्या. तेवीस. कॅलेंडरवर बोटाने महिने मोजले, तेही तेवीस. म्हणजे चूक कंपनीची. पण कंपनीत एवढी शिकलेली माणसं, त्यांना तेवीस मोजता येत नाहीत? मग काउंटरवरच्या मुलीने पैसे खाल्ले असतील का? ती सई नावाची मुलगी तर चांगली हसतमुख. एकदा काहीतरी म्हणाली होती, "काकू, याच्यावर चार्जेस पण आहेत, भरताय का?" आणि मालनताईंनी तिला तिथल्या तिथे थांबवलं होतं. या लोकांची विमे गळ्यात मारायची सवय त्यांना पक्की माहीत होती. "हप्ता तेवढा घे गं बाय," त्या म्हणाल्या होत्या. मुलीने निमूट घेतला होता. का सिद्धेशनेच अजून कुठलं कर्ज काढलंय? त्याचे बूट नवे होते. दोन दिवस त्यांनी मुलाच्या बुटांकडे संशयाने बघितलं, तिसऱ्या दिवशी त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं, आणि मग जो विचार आला तो सगळ्यात वाईट होता. आपणच तर काही विसरत नसू? मागच्या महिन्यात त्यांना जावेच्या सुनेचं नाव आठवेना. गॅसवर दूध ठेवून त्या खाली भाजीला गेल्या होत्या. हातातल्या पावत्या खऱ्या, पण डोकं खरं का?

हे सिद्धेशला सांगायचं कसं? आईचं डोकं फिरत चाललंय असं वाटलं तर त्याला कामावर लक्ष लागायचं नाही. शिवाय पैशांचा कारभार हा एवढाच आता त्यांच्या हातात उरलेला, तोही गेला तर? त्यांनी सांगितलं नाही. संध्याकाळी फोन वाजला की त्या तो उशीखाली सरकवायच्या आणि सिद्धेशला विचारायच्या, "पोळी वाढू?"

बुधवारी सकाळी अकराला दारावरची बेल वाजली. बाहेर तिशीतला एक जण, गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. वनमालाचं दार तेवढ्यात बोटभर उघडलं.

"मी किरण. होम लोनकडून आलोय, काकू. तुम्ही फोन घेत नाही म्हणून पाठवलंय मला."

"विम्याचे आलेत," मालनताई वनमालाच्या दाराकडे बघून मोठ्याने म्हणाल्या आणि त्याला आत घेतलं. आत आल्याबरोबर त्यांनी डबा त्याच्यापुढे आपटला. "मोज."

किरणला धमक्या द्यायला पाठवलेलं नसलं तरी चहा प्यायलाही पाठवलेलं नव्हतं. पण तेवीस पावत्या ओळीने लावून समोर ठेवणारी थकबाकीदार त्याला नोकरीत पहिल्यांदाच भेटली असावी. तो खुर्चीवर टेकला. दोन-चार पावत्या उलटसुलट करून बघितल्या, मग फाइलमधला एक लांबलचक कागद काढून शेजारी धरला.

"काकू, पगार कधी होतो मुलाचा?"

"चार तारखेला."

"त्याच खात्यातून ना हप्ता? मग पाच तारखेला खात्यात पैसे का नसतात?"

"कसे असतील? चार तारखेला तो काढून आणतो ना."

"सगळे?"

"सगळे."

"का पण?"

मालनताईंना हा प्रश्न इतका विचित्र वाटला की त्यांनी नुसतं देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. मग, परका माणूस आहे, त्याला काय ठाऊक, म्हणून रीत सांगितली. गिरणीपासून सगळी.

किरणने देव्हाऱ्याकडे बघितलं. हसला मात्र नाही, याबद्दल मालनताईंनी त्याला पुढेही मानलं.

"काकू, नीट ऐका," तो म्हणाला. "तुमचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. सही केलीय तुम्ही तशी. पाच तारखेला पहाटेच कंपनी खात्यात बघते. खातं रिकामं. मग हप्ता बाऊन्स. त्याचा दंड पाचशे नव्वद, वर उशिराचे चारेकशे. तुम्ही साडेअकराला जाऊन हप्ता भरता, पण त्या पैशातून आधी दंड वळता होतो, मग हप्ता. म्हणजे दर महिन्याला हप्ता हजारेकानं कमी पडतो. तेवीस महिने झाले. किती झाले बघा. एक अख्खा हप्ता आणि दुसऱ्याचा तुकडा. सिस्टम दोन धरते."

"पण मी त्याच दिवशी भरते."

"हो."

"पाच तारखेलाच."

"हो ना, काकू. पण पहाटे नसतात."

मालनताई पाणी प्यायल्या. "माका कायच कळणा नाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. घाबरल्या की त्या गावच्या बोलीत जात. पैसे होते. अगदी होते, या खोलीत, देवापुढे, दिव्याच्या उजेडात. रात्रभर होते. आणि तिकडे अंधारात कोणीतरी रिकामं खातं बघून दंड लिहीत होतं. पैसे घरात असताना आपण पैसे नसलेले ठरतो, हे त्यांना कुठल्याच बाजूने धरता येईना.

किरणने कागदाच्या मागे आकडा लिहून दिला. बावीस हजार आठशे दहा. महिनाअखेरीला भरा, थोडा दंड माफ करायचा अर्ज मी लिहून देतो, आणि पुढच्या महिन्यापासून चार तारखेला पैसे काढू नका. एवढं सांगून, चहाला नको म्हणून तो गेला. जिन्यात वनमालाने त्याला विम्याबद्दल विचारलं, तेव्हा त्याने ताई, आता घाईत आहे, एवढंच उत्तर दिलं.

दिवसभर मालनताईंनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. देव्हाऱ्यासमोर बसल्या, पण देवाकडे बघवेना आणि फोटोकडे तर त्याहून बघवेना. ज्या रीतीने तीन पिढ्यांचं घर चाललं, तीच रीत महिन्याला हजार रुपयांनी घर कुरतडत होती, आणि कुरतडलं जाणारं घर कुणाचं, तर फोटोतल्या माणसाचं. राहुल खरा होता. पूजाही खरी होती. एक्केचाळीस खऱ्या माणसांना त्यांनी चोर म्हटलं होतं. डोकं फिरलेलं नाही याचं बरं वाटावं, तर तेही वाटेना.

सिद्धेश साडेसहाला आला. आईने पोळीचं विचारलं नाही, किरणने लिहिलेला कागद पुढे केला, आणि महिनाभराचे फोन, बूट, विसरभोळेपणाची भीती, सगळं एका दमात सांगून टाकलं.

तो बूट न काढताच खाली बसला.

"आई, मला सांगायचं ना गं."

"तुला काय सांगू? मलाच काही कळत नव्हतं."

"बाऊन्स होतंय ते मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून," तो म्हणाला. "बँकेचा मेसेज यायचा ना मला. बाऊन्स झालं, पाचशे नव्वद लागले. मला वाटलं तेवढंच. तू लगेच जाऊन भरतेस म्हणजे हप्त्याचं मिटलं, दंडाचे ते आपोआप कुठूनतरी कापतात. हे असं साठत जातं ते नव्हतं माहीत. फोन तुला येतात हे तर नाहीच."

"माहीत होतं तर पैसे काढून का आणायचास? कळत नाही तुला, अडाणी आहेस?"

सिद्धेश बुटांच्या नाड्या सोडत बसला. सुटलेली नाडी परत बांधली, परत सोडली.

"बाबा गेल्यावर तू बोलायचीच नाहीस. आठव. मी कामावरून यायचो, तू वाढायचीस, बस्स. या घरात आल्यावर पहिल्या पगाराला पाकीट आणलं तर तू बाबांशी तासभर बोललीस. लाइट बिलापासून सगळं. मी आत पडून ऐकत होतो. दुसऱ्याच दिवशी मेसेज आला दंडाचा. म्हटलं, पाचशे नव्वद रुपये ना? जाऊ दे. एवढ्या पैशात आई बोलते."

मालनताईंना रागवायचं होतं, ते जमेना. उठून त्यांनी पोळ्या लाटायला घेतल्या आणि तिसरी पोळी तव्यावर असताना, पाठमोऱ्याच, पदराने डोळे पुसले. आपण फोन उशीखाली दडवत होतो, तेव्हा पोरगं मेसेज दडवत होतं.

गणपतीला गावी जायचे पैसे बाजूला ठेवलेले होते, त्यातून थकबाकी भरली. यंदा एकट्या सिद्धेशने जायचं, दीड दिवसांसाठी, असं ठरलं. किरणने अर्ज खरंच लिहून दिला, चौदाशे रुपये माफ झाले. फोन मात्र पुढेही आठवडाभर येत राहिले, कारण राहुलला किरणचं काही कळवलेलं नव्हतं. मालनताईंनी तोवर सगळे नंबर अनब्लॉक करून घेतले होते. प्रत्येकाला त्या शांतपणे सांगायच्या, भरले, आणि सर्दीवाल्या राहुलला हळद-दूध घ्यायलाही सांगितलं.

मग चार तारीख आली. सिद्धेश दारातच घोटाळला. हात रिकामे. खिशातून फोन काढून त्याने पगाराचा मेसेज आईला दाखवला. मालनताईंनी चष्मा लावून वाचला, फोन हातात घेतला, लाल कापडाकडे नेला आणि परत आणून दिला.

"नको. मधेच वाजला म्हणजे?" त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "किती दंड बसायचा म्हणालास?"

"पाचशे नव्वद."

"एटीएममधून सुटे येत नाहीत ना? सहाशे काढून आण. बाकीच्यांना हात लावू नकोस."

तो पायात चप्पल घालून खाली गेला आणि स्टेशनजवळच्या एटीएममधून तीन नोटा घेऊन आला. दोन-दोनशेच्या. मालनताईंनी त्या पाकिटात घातल्या. पाकीट फारच बारीक दिसत होतं. त्यांनी दिवा लावला, पाकीट कापडावर ठेवलं आणि बऱ्याच वेळाने, फोटोकडे बघून, त्यांना सुचलं ते सांगितलं.

"बाकीचे बँकेत आहेत हो. पहाटे घराचा हप्ता जाईल. मला दिसायचा नाही, तुम्हाला दिसला तर बघा."

आतल्या खोलीत सिद्धेश पडून होता. आई पुढे बोलतेय का ते ऐकत होता. थोड्या वेळाने लाइट बिलाचं निघालं, तेव्हा त्याने कूस बदलली.